रेंजबाहेरची वाचक

“कळपात जे मेंढरू गप उभं ऱ्हातंय ना बाई, त्याच्याकडं आधी बघावं. वरडणारं चांगलं असतंय.”

हे मला भिवराबाईंनी सांगितलं होतं, आमच्या परभणीच्या घराच्या पायरीवर बसून, बशीतला चहा फुंकत. मी हसून मान हलवली आणि साखर आणखी हवी का विचारलं. भिवराबाई म्हणजे माझ्या मैत्रिणीची, बबिताची, सासू. मोबाईल उशाशी घेऊन झोपलं की अंगावरचं दूध आटतं, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितलं होतं. माझी रेवा तेव्हा अंगावर पीत होती आणि माझं कामच मोबाईल-लॅपटॉपवरचं, तेव्हा मला ते पटणं शक्य नव्हतं. दुधाचं खरं नाही, म्हणजे मेंढराचंही तसंच असणार, असं मी धरून चालले.

बबिता आणि मी कॉलेजात एका बाकावर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं, बिरदेवशी. मेंढपाळ घर. झरीच्या पुढं त्यांची वस्ती आहे, पण वस्तीवर मुक्काम फक्त पावसाळ्याचा. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन निघायचं, ते आगोटीला, पाऊस तोंडावर आला की परत. वाटेत ज्याच्या रानात मेंढरं बसवतील तो धान्य देतो, थोडे पैसे देतो, बदल्यात त्याच्या रानाला लेंडीखत मिळतं. मग पुढचं रान. दिवाळीनंतर बबिताचा पत्ता म्हणजे कुणाच्या तरी शेताचं नाव, आणि तेही मागच्या आठवड्यातलं.

मी पुण्याच्या एका वाचनाच्या ॲपसाठी घरून काम करते. ते ॲप बबिताच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं होतं. रेंज असली की पुस्तकं उतरवून घ्यायची, रेंज गेली तरी ती वाचता येतात. मेंढरं चरायला लागली की बबिता बांधावर बसून वाचायची. जावेच्या लेकरांना मोठ्यानं वाचून दाखवायची. एकदा म्हणाली, “मेंढरं बी ऐकायलेत गं आता. राक्षस आला की माना वर करतेत.”

डिसेंबर सरताना आमचं ॲप प्रत्येक वाचकाला त्याचं वर्ष रंगीत पानांवर दाखवतं. किती वाचलं, दिवसाच्या कोणत्या वेळी वाचलं, कोणता लेखक जास्त वाचला. आम्ही त्याला ‘वाचनवर्ष’ म्हणतो. आकडे मशीन काढतं, त्यांच्याखालची वाक्यं मी लिहिते. लोक ती पानं मित्रांना पाठवतात, स्टेटसला ठेवतात.

बबितानं तिचं मागचं वाचनवर्ष पाहिलं ते पार उन्हाळा सरल्यावर, वस्तीवर परत आल्यावर. लगेच फोन.

“काय गं मॅडम, मी पाव्हणी व्हय तुमच्या ॲपात?”

“काय झालं?”

“वर्षभर वाचलं. डोळं लाल करून वाचलं. आन् हे काय म्हनायलंय बघ. ‘यंदा तुम्ही मोजकेच दिवस वाचलंत. पाहुणे वाचक! पुढच्या वर्षी जरा जास्त दिवस राहा हं!’ हे ‘हं’ कुणी लिवलं?”

‘हं’ मी लिहिलं होतं.

मी चौकशी केली. आमचं ॲप वाचलेलं मोजायचं ते फोनला इंटरनेट मिळेल त्या दिवसाच्या नावावर. बबिता महिनाभर रानात वाचायची आणि एखाद्या गावाजवळ रेंज आली की महिन्याचं वाचन एका दमात आमच्याकडं यायचं. मशीनला वाटायचं, ही बाई एका दिवसात अख्खं पुस्तक संपवते आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही.

यंदा वाचनवर्षात काय सुधारायचं याची मीटिंग बसली, तेव्हा मी हीच गोष्ट आधी काढली. रेवा मांडीवर होती, माझ्या हेडफोनची वायर चावत होती.

“असे रेंजबाहेरचे वाचक आहेत किती?” हरिओमनं विचारलं. तो आमच्याकडं आकडे बघतो.

“थोडेच असतील.”

“थोड्यांसाठी अख्खी मोजणी बदलायची?”

“आमच्या गावात टेकाडाआड गेलं की रेंज जाते रे,” सुकेशनी म्हणाली. ती आमची प्रमुख, मूळ नांदेडकडची. “सगळे पुण्यात बसून वाचत नाहीत. अपेक्षा, तू प्रस्ताव लिही. फोनच्या घड्याळावरून मोजू. ज्या दिवशी वाचलं तो दिवस.”

मला हुरूप आला. त्याच भरात मी आणखी एक गोष्ट सुचवली. वाचक जे पान पुन्हा पुन्हा उघडतो ते पान त्याला शेवटी दाखवायचं. कुणाची कविता असेल, कुणाचा एखादा संवाद असेल. ही कल्पना सगळ्यांना आवडली, हरिओमलासुद्धा. त्याच्याखालचं वाक्य मला एका फटक्यात सुचलं: ‘या पानावर तुम्ही पुन्हा पुन्हा आलात. काही पानं सोडवत नाहीत, नाही का!’

सुकेशनी म्हणाली, “हे छान जमलंय.”

आधी थोड्या वाचकांवर करून बघायचं ठरलं. त्यांची परवानगी घ्यायची, त्यांचं वाचनवर्ष आम्ही उघडून तपासणार. बबिता त्या सुमाराला परभणीला आली होती, सरकारी दवाखान्यात तपासायला. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. पहिलंच. भिवराबाई सोबत होत्या. दवाखान्यातून दोघी आमच्याकडं आल्या, तोच तो पायरीवरच्या चहाचा दिवस.

“तुझं काय काय वाचलेलं मला दिसेल हं, चालेल ना?” मी विचारलं.

“बघ की. माझं काय झाकलंय. मेंढरासंगट उघड्यावर ऱ्हानारी बाई मी.”

मी तिच्या फोनमध्ये गरोदर बायकांसाठीचं एक पुस्तक उतरवून दिलं. डॉक्टर बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेलं, चित्रं असलेलं. बबितानं तिथल्या तिथं चार पानं चाळली आणि बाळाच्या चित्राला म्हणाली, “बसलाय बघ कसा. सरपंचावानी.”

“आठवड्याला एक फोन कर.”

“फोन न्हाई आला तर समज रेंज न्हाई. तू आपली रेवा झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरून बघतीस, तसं माझ्या नाकापुढं नको धरू. मी गप असले की मजेत असते.”

त्यावरच भिवराबाईंनी ते मेंढराचं वाक्य टाकलं. कुणाकडं न बघता, बशीकडं बघून. मी बबिताचं ऐकलं. तीच शिकलेली, तीच माझ्या वयाची, आणि पोटही तिचंच.

नववा लागला की बिरदेव तिला माहेरी आणून सोडणार होता. दिवाळी झाली, ते निघाले.

मग बबिता गप झाली. मला ते खटकलं नाही, कारण गप असणं म्हणजे रेंज नसणं हे तिनंच सांगून ठेवलं होतं. माझ्यासारख्या बाईला हे सोपं नसतं. रेवा जास्त वेळ झोपली तर मी तिच्या नाकापुढं बोट धरते, हे खरं आहे. तिला ढेकर आली नाही म्हणून मी एकदा डॉक्टरांना रविवारी फोन केला होता. घरात माझी त्यावरून थट्टा होते. त्यामुळं निदान बबिताच्या बाबतीत शहाण्यासारखं वागायचं असं मी ठरवलं होतं.

डिसेंबर लागल्यावर एका सकाळी रेवाला खिचडी भरवता भरवता मी लॅपटॉप उघडला, तर चाचणीच्या यादीत बबिताचं वाचन आलेलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मला एवढा आनंद झाला की मी रेवाला म्हटलं, “बबिता मावशी आली!” नवी मोजणी बरोबर चालली होती. एकेक दिवस वेगळा दिसत होता. मी तिचं वाचनवर्ष उघडलं.

पहिल्या पानावर: ‘तुम्ही सकाळच्या उन्हातल्या वाचक आहात.’ बरोबर. दुसऱ्या पानावर राक्षसाच्या गोष्टींचं पुस्तक. तेही बरोबर, जावेची लेकरं. तिसरं, चौथं. आणि शेवटी माझं आवडतं पान. कडेनं झेंडूची फुलं, मधे मोठ्या अक्षरांत त्या डॉक्टर बाईंच्या पुस्तकातला मथळा:

‘बाळाची हालचाल कमी वाटली तर’.

खाली माझं वाक्य. काही पानं सोडवत नाहीत, नाही का!

मी चमचा तसाच धरून बसले. रेवा तोंड उघडून वाट बघत होती.

ते पान बबितानं एका दुपारी पहिल्यांदा उघडलं होतं. मग त्याच दिवशी परत. दुसऱ्या दिवशी सकाळी, मग थोड्या वेळानं, मग परत. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर तिनं काहीच उघडलं नव्हतं. राक्षसाची गोष्टसुद्धा नाही. आणि हे घडून पंधरवडा होत आला होता. मला आज दिसत होतं ते सगळं आधीच होऊन गेलेलं.

मी ते पान माझ्याकडं उघडलं. डाव्या कुशीवर पडा, काहीतरी खा, शांतपणे लक्ष द्या. तरी हालचाल कमी वाटली तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. ‘लगेच’ ठळक अक्षरात होतं. माझ्या वेळी एकदा रेवा पोटात अशी गप झाली होती, तेव्हा आम्ही रिक्षा करून दवाखान्यात पोचलो होतो, मशीनवर तिचे ठोके ऐकले होते. दवाखाना आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकाच लांब होता.

बबिताचा फोन लावला. बंद. बिरदेवचा लावून उपयोग नव्हता, तो फोन दसऱ्याच्या आधीच विहिरीत पडला होता आणि नवा घ्यायचा राहिला होता.

दुपारी जेवायला माझे मिस्टर, गोपाळ, घरी आले. ते बियाण्याच्या दुकानात असतात. त्यांना स्क्रीन दाखवली.

“अगं, लोक एखादं पान उघडं ठेवून झोपतात पण.”

“पुन्हा पुन्हा उघडलंय अहो.”

“मग वाचून गेली असेल दवाखान्यात. त्या पानावर तेच लिहिलंय ना? शिकलेली बाई आहे.”

“मग नंतर काहीच कसं वाचलं नाही?”

“दवाखान्यात कोण गोष्टी वाचतं?”

सासूबाई आतून म्हणाल्या, “मेंढरामागच्या बाया वाटंत बाळंत होतात आन् दुसऱ्या दिवशी चालायला लागतात. तू आपली जेव.” आणि मग, “रेवाला ढेकर आली का विचार तिला गोपाळ.” दोघंही हसले. वाईट मनानं नाही. मीही थोडी हसले.

संध्याकाळी सुकेशनीला फोन केला. ती हसली नाही.

“तिचा फोन कुठून जोडला गेला ते कळेल का गं?” मी विचारलं.

“ठिकाण आपण ठेवत नाही, अपेक्षा. तूच भांडली होतीस त्यासाठी. बायका काय वाचतात आणि कुठं बसून वाचतात हे कुणाच्या हाती लागायला नको, म्हणून.”

“हो.”

“आणि ते बरोबरच होतं.”

“हो.”

मग तिनं बबिताच्या ॲपवर एक निरोप पाठवायला लावला: ‘बबिता, अपेक्षाला फोन कर. काहीही असो.’ हरिओम म्हणाला, पाठवला, पण पोचलेला नाही. फोन चालू झाला की पोचेल.

झरीच्या आशा कार्यकर्त्या सविताताई यांचा नंबर मी मिळवला. बाई कामाच्या. बबिताचं नाव सांगितलं की लगेच ओळख पटली.

“हाय की नाव. तपासणी झालीया, इंजेक्शन झालंय, गोळ्या नेल्यात. माझ्याकडं सगळं ठीक दिसायलंय ताई.”

“दिवाळीच्या आधीचं ना?”

“आधीचंच दिसंल. फुडचं कुठून दिसंल?” मग त्याच म्हणाल्या, “तुमी गाव सांगा. त्या गावच्या आशाला आत्ता लावते फोन. ती घरात जाऊन बघून येती. पण गाव तर पायजे.”

गाव कुणाकडंच नव्हतं. सविताताई दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीवर जाऊन आल्या. वस्तीवर राहिलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, यंदा सोनपेठच्या अंगाला गेलेत, ऊस तुटलेल्या रानांकडं. बबिताच्या माहेरी मी विचारलं, तर तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, नववा लागला की येईल.

सोनपेठच्या बाजूचे दवाखाने मी फोन करून विचारले. तिथल्या बायांनी यादी बघून सांगितलं, या नावाचं कुणी नाही. एकीनं विचारलं, “तुमी कोण तिच्या?” मी मैत्रीण म्हणाले. “घरचं कुणी न्हाई का?” घरचे तिच्याजवळच होते. मीच लांब होते.

आठवड्याच्या बाजारादिवशी गोपाळ मला मोटारसायकलवर सोनपेठला घेऊन गेले. “एक चक्कर मारू. तुझं समाधान होईल,” म्हणाले. बाजारात मेंढरं विकायला आलेल्या माणसांना विचारलं, चाऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं, बसस्टँडवर विचारलं. बांगड्यांच्या दुकानात एक जण म्हणाला, “दत्तरावाच्या रानात बसली हुती मेंढरं. लय हुती.” गाव जवळच होतं. आम्ही गेलो.

रानात कुणी नव्हतं. उसाचं पाचट मेंढरांनी फस्त केलेलं, आणि काळ्या मातीवर लेंड्यांचा थर. तीन दगडांच्या चुली, गार राख. मेंढरं कोंडायच्या निळ्या जाळीचा एक फाटका तुकडा बाभळीला अडकलेला. एका चुलीच्या कडेला, गरोदर बायकांना देतात त्या लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. त्यात बऱ्याच गोळ्या तशाच होत्या. मी ते उचललं. गोपाळ म्हणाले, “कुणाचं पण असेल.” मी म्हटलं, “हो.” आणि पर्समध्ये टाकलं.

दत्तराव घरीच होते, ओसरीवर दोरी वळत बसलेले. पाणी दिलं, बसा म्हणाले. रानावर खूश होते.

“गेले की कवाच. लेंडी बघितली का? औंदा रान कसं निघतंय बघा.”

“कुठं गेले?”

“सांगून जातेत व्हय? जिकडं चारा तिकडं.”

“त्यांच्यात एक पोटुशी बाई होती का हो?”

“आता बायाकडं कोण बघतंय ताई. मेंढरं मोजून घेतली मी. बाया न्हाई मोजल्या.” आणि स्वतःच्या विनोदावर हसले. गोपाळही हसायला लागले होते, माझ्याकडं बघून थांबले.

“हुती,” दारातून आवाज आला. दत्तरावांची बायको, चांगुणाबाई, पिठाचे हात तसेच घेऊन उभ्या. “पोटुशी हुती एक. तिचा मोबाईल माझ्याकडंच चार्जिंगला लावला हुता, त्या खिडकीत. दिवसभर हुता. आपसूकच टिंग टिंग वाजायचा.”

मी त्या खिडकीकडं बघितलं. तिथं एक बोर्ड होता आणि खाली मीठ-मिरचीचे डबे. बबिताचं सगळं वाचन माझ्याकडं इथून निघालं होतं. तिच्या हातातून नाही.

“मोबाईल न्यायला तीच आली होती?”

“न्हाई. तिची जाऊ आली. ती बांधाच्या कडंला बसून ऱ्हायची. पाण्याला बी न्हाई आली. मी म्हनलं, ये गं बाई, च्या घे. हसली नुसती. मान हलवली.” चांगुणाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. “बोलली न्हाई बगा काई. लय गप बाई.”

“बरी होती का?”

“हसली की.”

“आणि सासू? म्हातारी होती का सोबत?”

“म्हातारी तिच्याजवळनं हलत नव्हती. सगळे मेंढरामागं जायचे, म्हातारी न्हाई. तिथंच. तिच्याकडं बघत.”

गोपाळनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना त्यात धीराची गोष्ट दिसली: म्हातारी जाणती आहे, जवळ आहे. मला तो पायरीवरचा चहा आठवला. भिवराबाई कुणाकडं आधी बघतात ते मला माहीत होतं.

“गेले कोणत्या बाजूला?”

“गंगेच्या कडंनं.”

“खाली का वर?”

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं दोरीकडं. “ते काई बघितलं न्हाई माय,” त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी रेवासाठी गूळ दिला. मूल आहे हे मी सांगितलं नव्हतं. कसं ओळखलं विचारलं, तर म्हणाल्या, “सारखी घड्याळाकडं बघायलीस की तू.”

गंगा म्हणजे आमच्याकडं गोदावरी, तिच्या कडेनं आम्ही दिवस कलेपर्यंत फिरलो. दोन ठिकाणी मेंढरं दिसली, पण दुसऱ्याच लोकांची. एका पुलावर गाडी थांबवून गोपाळ म्हणाले, “पेट्रोल संपत आलंय. रेवा रडत असेल.” दोन्ही खरं होतं. परतताना त्यांनी एकदाही थट्टा केली नाही, आणि त्यानंच मी जास्त घाबरले.

सविताताईंनी गंगाकाठच्या चार-दोन आशांना निरोप लावून ठेवला. त्या बघतील. पण प्रत्येकीला आपापलं गाव आहे, आणि मेंढरं बसतात ती दोन गावांच्या मधल्या रानात.

पुढची मीटिंग वाचनवर्षाची शेवटची होती. हरिओमनं सुचवलं, “आरोग्याची पुस्तकं त्या पानातून वगळून टाकू. कुणाला असं वाईट दिसायला नको.”

आधी मी हो म्हणाले. मग म्हटलं, “पण वगळली असती तर मला कळलंच नसतं.”

“कळून काय झालं?” त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सुकेशनी म्हणाली, “वाक्य बदल मग. निदान ते ‘नाही का’ काढ.”

मी वाक्य बदललं: ‘हे पान तुम्ही पुन्हा पुन्हा उघडलंत. सगळं बरं आहे ना?’

“आणि बरं नसेल तर?” हरिओम म्हणाला. “खाली बटण कोणतं द्यायचं? दाबलं तर कुणाला कळणार? विचारलं की उत्तर घ्यायला कुणीतरी बसलेलं पाहिजे, अपेक्षा.”

कुणी बसलेलं नव्हतं. आमच्याकडं तशी माणसं नाहीत. आम्ही ॲप आहोत. रेवा माझ्या मांडीवरून लॅपटॉपच्या कळा दाबत होती, तिनं प्रस्तावात कुठं कुठं अक्षरं टाकली ती नंतर काढावी लागली. शेवटी ते पानच यंदा ठेवायचं नाही असं ठरलं. रेंजबाहेरची मोजणी मात्र मंजूर झाली. या सुधारणेसाठी माझं नाव सगळ्यांनी घेतलं. आता बबिताला कुणी पाहुणी म्हणणार नाही.

जे वाचक बरेच दिवस आले नाहीत त्यांना आम्ही ‘निष्क्रिय’ म्हणतो. बबिताचं नाव पुढच्या यादीत त्या रकान्यात आपोआप गेलं. मी सुकेशनीला सांगून काढून घेतलं. मशीननं दुसऱ्या दिवशी परत घातलं. मी परत काढलं. सुकेशनी म्हणाली, राहू दे गं, नुसता शब्द आहे. पण तिनंच नंतर हरिओमला सांगून ते कायमचं बंद करून घेतलं.

बबिताच्या वाचनवर्षातली सगळी पानं मी काढून टाकली आणि एकच ठेवलं. फुलं नाहीत. ‘बबिता, हे उघडलंस तर आधी मला फोन कर. आणि हालचाल कमी वाटत असेल तर फोनही नंतर कर, आधी दवाखाना.’ ते निघालेलं आहे. त्याच्यापुढं ‘पोचलेलं नाही’ असं दिसतं. काम करताना मधूनच मी ती खिडकी उघडून बघते. घरात म्हणतात, आता रेवाच्या नाकाऐवजी हिनं हे नाक धरलंय.

असंही असेल की सगळं बरं आहे. ती दवाखान्यात जाऊन आली असेल, त्यांनी तपासून परत पाठवलं असेल, फोन पिशवीच्या तळाशी बंद पडून असेल आणि ती कुठल्यातरी बांधावर बसून मला शिव्या देत असेल की पुस्तक संपलं, दुसरं उतरवायला रेंज नाही. मी हे रोज स्वतःला सांगते. ती गप असली की मजेत असते, हे तिनंच सांगितलं आहे. पण दत्तरावांच्या बांधावर ती कशी बसली होती, हेही मला आता माहीत आहे.

मला जे जे करता येण्यासारखं होतं ते संपलं, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही हे कुठं वाचत असाल मला दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरोबर. पण तुम्ही गोदावरीकाठचे असाल, सोनपेठकडचे, खालचे किंवा वरचे, आणि तुमच्या शिवारात कुणाच्या ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसली असतील, तर एवढं करा. झरीकडचे लोक आहेत का विचारा. बिरदेवचं नाव घ्या, म्हातारी भिवराबाई ओळखू येईल, ती एकाच जागी बसलेली असेल. तिच्यासमोर जी बाई असेल तिच्याजवळ जा. बबिता का, असं विचारा. बाळ हलतंय का, असं सरळ विचारा, लाजू नका. आणि ती नुसती हसली, मान हलवली, तर तेवढ्यावर परत येऊ नका.